फी, गाडी आणि मुक्काम



आज आपण खेळ शिकवणाऱ्या एका माणसाचा इतिहास ऐकणार आहोत. क्रिकेट म्हटलं की आपल्यातल्या काही जणी म्हणतील, तो तर पोरांचा विषय, आपल्याला काय त्याचं? पण या गोष्टीत चौकार-षटकार थोडे आहेत. फीची पावती, गाडीची वेळ आणि घरात वाढावं लागणारं एक जास्तीचं ताट, हेच जास्त आहे. हे तिन्ही हिशेब आपण बायका रोज करतो. म्हणून ही गोष्ट आपली आहे.

माणसाचं नाव दिनेश लाड. मुंबईच्या उपनगरात, बोरिवलीत, स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूल या शाळेचे ते क्रिकेटचे प्रशिक्षक. पोरं त्यांना लाडसर म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी राष्ट्रपती भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. खेळाडूंना अर्जुन पुरस्कार देतात, तसा खेळाच्या गुरूंना देशाचा हा पुरस्कार असतो. लाडसरांना तो आयुष्यभराच्या कामासाठी मिळाला. शाळेत पोरांना शिकवणारा माणूस तिथवर कसा पोचला, ते आता पाहू.

आधी बोरिवली कुठे आहे ते सांगतो. मुंबईचे सरकारदरबारी दोन जिल्हे आहेत. एक मुंबई शहर, दुसरा मुंबई उपनगर. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही गावं उपनगरात येतात. गावं म्हटलं तरी आता तिथे इमारतीला इमारत लागलेली आहे. चर्चगेटहून लोकलने उत्तरेला निघालं की साधारण ३४ किलोमीटरवर बोरिवली येतं. गावाकडून कामाला आलेली कितीतरी कुटुंबं या उपनगरांत राहतात. आपल्यापैकी अनेकींचे भाऊ, दीर, पुतणे तिथेच आहेत.

आता मुंबईतल्या क्रिकेटची जुनी मैदानं कुठे आहेत? आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल मैदान, ही सगळी दक्षिणेच्या टोकाला. शिवाजी पार्क दादरला. म्हणजे उपनगरातल्या पोराला खेळायचं तर खांद्यावर बॅटी-पॅडची मोठी पिशवी घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढायचं, खेळायचं आणि तसंच परत यायचं.

दुसरी अडचण त्याहून मोठी. मुंबईत शाळांच्या क्रिकेटला शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे. हॅरिस शील्ड आणि जाइल्स शील्ड नावाच्या दोन स्पर्धा आहेत. हॅरिस मोठ्या मुलांची, जाइल्स लहानांची. निवड करणारे लोक पोरं हेरतात ती याच स्पर्धांत. पण त्यात खेळायचं तर तुमच्या शाळेचा चांगला संघ पाहिजे. शाळेला संघ नसेल किंवा असून दुबळा असेल, तर पोरगं कितीही गुणी असो, कुणाच्या नजरेला पडत नाही. म्हणून मुंबईत शाळा बदलणं म्हणजे नशीब बदलणं असं होऊन बसलं.

१९९९ साली लाडसरांच्या शाळेच्या पोरांसमोर एक १२ वर्षांचा मुलगा गोलंदाजी करत होता. चेंडू हळू टाकायचा, पण वळवायचा छान. सरांना तो आवडला. मुलाचं नाव रोहित शर्मा. त्याचे आईवडील डोंबिवलीला एका खोलीत राहत होते. वडील एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामाची देखभाल करायचे. कमाई थोडी. म्हणून हा मुलगा बोरिवलीत आजी-आजोबा आणि काकांकडे वाढत होता आणि सुट्टीच्या दिवशी आईवडिलांना भेटायला जात होता.

लाडसरांनी सांगितलं, आमच्या शाळेत ये. घरच्यांनी विचारलं, फी किती? महिन्याला २७५ रुपये. आज हा आकडा ऐकून काही जणींना हसू येईल. पण त्या घराला तो झेपणारा नव्हता. घरच्यांनी नाही म्हटलं. आपल्या पोरींच्या बाबतीत कितीदा असंच होतं. सहलीचे, कपड्यांचे, बुटांचे पैसे आडवे येतात. रक्कम मोठी नसते, पण त्या महिन्यात ती घरात नसते.

सर तिथून उठले आणि शाळेच्या चालकांकडे गेले. या मुलाची फी माफ करा म्हणाले. शाळेने मानलं. रोहितने पुढे स्वतः सांगितलं आहे की चार वर्षं त्याला तिथे एक पैसाही भरावा लागला नाही.

मैत्रिणींनो, प्रशिक्षकाचं पहिलं काम हे होतं. अजून बॅट कशी धरायची हे सांगितलेलंही नाही. त्याआधी शाळेच्या कार्यालयात जाऊन दुसऱ्याच्या पोरासाठी शब्द टाकायचा. आपल्यासाठी मागायला लाज वाटते, पण दुसऱ्याच्या लेकरासाठी मागायला जिगर लागते. नाही म्हटलं तर आपलंही नाव खाली येतं.

पुढची गंमत ऐका. रोहितला शाळेत घेतलं होतं गोलंदाज म्हणून. फलंदाजीला तो खाली, आठव्या क्रमांकाच्या आसपास यायचा. एक दिवस सर शाळेत शिरत होते, तर कुणीतरी पोरगं बॅट घेऊन सरळ, नीट चेंडू मारत होतं. पाहतात तो रोहित! सरांनी स्वतःचं मत तिथेच बदललं. त्याला थेट सलामीला पाठवलं आणि त्याने शतक ठोकलं. एकदा शिक्का मारला की आपण माणसाकडे पुन्हा बघत नाही. ही ढ, ती हुशार, ही स्वयंपाकात बरी, ही बोलायला धीट. चांगला गुरू दुसऱ्यांदा बघतो. याच रोहितने पुढे १३ नोव्हेंबर २०१४ रोजी कोलकात्यात श्रीलंकेविरुद्ध एकट्याने २६४ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांत पुरुषांमध्ये इतक्या धावा आजवर कुणी केलेल्या नाहीत. २०२४ साली त्याच्या कप्तानीखाली भारताने टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला.

ही झाली फीची गोष्ट. आता गाडीची आणि मुक्कामाची.

पालघर आपल्याला माहीत आहे. आज तो वेगळा जिल्हा आहे, तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. नारळाच्या बागा, भातशेती, मासेमारी, आदिवासी पाडे. तिथला शार्दूल ठाकूर बोईसरजवळच्या तारापूर विद्यामंदिर शाळेकडून खेळायचा. एका सामन्यात तो लाडसरांच्या शाळेविरुद्ध खेळला. ७८ धावा केल्या आणि पाच गडी बाद केले. सरांनी त्याच्या वडिलांना निरोप दिला, मुलाला बोरिवलीला माझ्या शाळेत पाठवा.

वडील म्हणाले, कसं जमणार? जायला काही तास, यायला काही तास. ही गोष्ट २००६ ची. तेव्हा लोकल विरारपर्यंतच जायची. लोकल डहाणूपर्यंत गेली ती २०१३ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे पालघरच्या पोराला शटल किंवा लांबच्या गाडीच्या वेळेवर अवलंबून राहावं लागायचं. एक गाडी चुकली की दिवस गेला. त्यात अभ्यास कधी करायचा, झोपायचं कधी? वडिलांची काळजी खरी होती.

तेव्हा लाडसर म्हणाले, तो माझ्या घरी राहील.

हे वाक्य बोलायला सोपं आहे. मुंबईतलं घर म्हणजे काही वाडा नव्हे. घरात सरांचा स्वतःचा मुलगा सिद्धेश साधारण त्याच वयाचा, तोही क्रिकेट खेळणारा. अशा घरात आणखी एक वाढत्या वयाचं पोर आणायचं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. सकाळी दोन डबे जास्त. मळलेल्या पांढऱ्या कपड्यांची एक बादली जास्त. ताप आला तर रात्री उठणं. आणि वर, दुसऱ्याचं लेकरू म्हणून त्याला रागवायचंही जपून. पुरस्कार लाडसरांच्या नावाने मिळाला आणि तो रास्तच आहे. पण त्या घरातल्या बाईने चूल आणि मन मोठं केलं नसतं, तर शार्दूलची पिशवी त्या उंबऱ्याच्या आत आली नसती.

बोरिवलीला आल्यावर २००६ सालीच हॅरिस शील्डच्या एका सामन्यात शार्दूलने एका षटकात सहा षटकार मारले. पुढे तो वेगवान गोलंदाज म्हणून भारताच्या संघात गेला. जानेवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला भारताची अवस्था ६ बाद १८६ झाली होती. तेव्हा शार्दूलने वॉशिंग्टन सुंदरला साथीला घेऊन १२३ धावांची भागी केली. स्वतः ६७ काढल्या आणि त्या सामन्यात सात गडीही घेतले. भारत तो सामना आणि मालिका जिंकला. आता सांगा, त्या ६७ धावांतल्या काही धावा बोरिवलीतल्या त्या घराच्या नावावर मांडायला नकोत का?

ही रीत मुंबईत जुनीच आहे. रमाकांत आचरेकर सरांनी सचिन तेंडुलकरच्या घरच्यांना सांगितलं, याची शाळा बदला. तेंडुलकरांचं घर वांद्र्याला, शाळा आणि मैदान दादरला. ये-जा जमेना. मग सचिन शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर निवृत्तीचं भाषण करताना त्याने या काकूंची आठवण काढली. दमून पेंगत असताना काकू भरवायच्या, असं तो हजारो लोकांसमोर म्हणाला. बायकांच्या कष्टाला अशी भर मैदानात पावती फार क्वचित मिळते.

आता जरा दूर, अमेरिकेत जाऊ. तिकडे हे काम पगारी नोकरीचं आहे. तिथल्या कॉलेजांत बास्केटबॉलचं फार वेड. बास्केटबॉल म्हणजे उंचावरच्या कड्यात चेंडू टाकायचा तो खेळ. प्रत्येक मोठ्या कॉलेजच्या संघाला एक मुख्य प्रशिक्षक असतो आणि त्याच्या हाताखाली सहायक प्रशिक्षक असतात. या सहायकांचं एक मोठं काम म्हणजे गावोगाव जाऊन शाळांचे सामने बघायचे, गुणी मूल दिसलं की त्याच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलायचं, शिष्यवृत्ती कशी मिळेल, मूल राहील कुठे, शिकेल काय, हे समजावायचं. म्हणजे लाडसरांनी जे आपल्या मनाने केलं, ते तिकडे सहायकाच्या कामात लिहिलेलं असतं.

तिथली एक बाई आपल्याला कळायलाच हवी. पॅट समिट. टेनेसी राज्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, जन्म १९५२ चा. तिच्या गावच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता. तेव्हा तिच्या घरच्यांनी काय केलं? शेजारच्या भागात, जिथल्या शाळेत मुलींचा संघ होता, तिथे बिऱ्हाडच हलवलं. पुढे १९७४ साली टेनेसी विद्यापीठात ती आली ती मुलींच्या बास्केटबॉल संघाची सहायक म्हणून. पण मुख्य प्रशिक्षक बाई सोडून गेल्या आणि २२ व्या वर्षी सगळा संघ हिच्यावर आला. पगार महिन्याला २५० डॉलर. संघाची गाडी तीच चालवायची, खेळाडूंचे कपडेही तीच धुवायची. ३८ हंगाम तिने तो संघ सांभाळला, हजाराहून जास्त सामने जिंकले आणि आठ वेळा देशाचं अजिंक्यपद मिळवलं. तिच्या मागे कायद्याचं बळही होतं. १९७२ साली अमेरिकेत कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणाला मुलगी म्हणून डावलता येणार नाही. त्यात खेळही आले. एका घराने हलवलेलं बिऱ्हाड आणि सरकारने केलेला कायदा, दोन्ही लागलं. एकावर भागलं नाही.

तिथून परत आपल्या उपनगरात येऊ. जेमिमा रॉड्रिग्ज हे नाव २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात घराघरात पोचलं. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या होत्या. जेमिमाने नाबाद १२७ धावा करून सामना जिंकून दिला. २ नोव्हेंबरला भारताच्या बायकांनी पहिल्यांदा विश्वचषक उचलला. ही जेमिमा मूळची भांडुपची, म्हणजे मुलुंडच्या शेजारची. मुलांना खेळायला चांगली सोय मिळावी म्हणून तिच्या घरच्यांनी वांद्र्याला बिऱ्हाड नेलं. तिच्या शाळेत मुलींचा क्रिकेट संघ नव्हता, तो तिचे वडील आयव्हन यांनी सुरू केला. टेनेसीतलं शेतकऱ्याचं घर आणि भांडुपचं घर यांची एकमेकांना ओळखही नसेल. पण अडचण एकच होती आणि वाटही दोघांनी एकच काढली.

त्या विश्वविजेत्या संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार. हे मुंबईचेच. रणजी वगैरे मोठ्या सामन्यांत ११ हजारांहून जास्त धावा काढूनही भारताकडून त्यांना एकही सामना खेळायला मिळाला नाही. मग ते वेगवेगळ्या संघांना फलंदाजी शिकवत राहिले आणि २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. आपल्याला जे मिळालं नाही ते दुसऱ्याच्या लेकीला मिळवून देणारा माणूस.

मैत्रिणींनो, आता आपल्या मनातला प्रश्न उघड विचारतो. रोहित आणि शार्दूल हे मुलगे होते. पालघरच्या जागी आपलं गाव आणि शार्दूलच्या जागी आपली पोरगी असती तर? एखाद्या सरांनी येऊन सांगितलं असतं, ‘‘हिला शहरात पाठवा, माझ्या घरी राहील,’’ तर आपण पाठवली असती का?

आम्हाला वाटतं, पाठवली नसती. आणि ती भीती काही खुळी नाही. परक्या घरात मुलगी ठेवायची तर शंभर गोष्टी बघाव्या लागतात. म्हणूनच मुलींच्या बाबतीत एका भल्या माणसाच्या घरावर सगळं सोडून चालत नाही. भला माणूस भेटणं हे नशीब झालं, ती व्यवस्था नाही झाली. लाडसरांना दोन भारतीय खेळाडू सापडले, पण त्याच वर्षांत फीपायी, गाडीपायी, मुक्कामापायी किती पोरं घरी बसली असतील, त्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. त्यात मुली किती, हे तर कुणी मोजलंच नाही.

मग आपल्या गटाला काय करता येईल? लाडसरांचे तिन्ही हिशेब आपण आपल्या बैठकीत मांडू शकतो.

पहिला हिशेब फीचा. गावातली एखादी मुलगी कबड्डीत, खो-खोत, धावण्यात चमकत असेल तर तिचे बूट, प्रवेशाचे पैसे, स्पर्धेचा खर्च यासाठी मुख्याध्यापकांना भेटायला आई एकटी नको. गटातल्या चार जणी मिळून जाऊ. एकटीला नाही म्हणणं सोपं असतं, चौघींना अवघड. आणि खेळ म्हणजे वेळ घालवणं नाही, हेही घरच्या पुरुषांना सांगू. आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात.

दुसरा हिशेब गाडीचा. ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीचं अर्धं तिकीट आहे. पण संध्याकाळच्या सरावानंतर परतीची गाडीच नसेल तर पासाचा उपयोग काय? मग आगाराला गटाच्या नावाने अर्ज द्यायचा, किंवा सराव सकाळी घ्या असं सरांना सांगायचं. सोबतीला आळीपाळीने एक आई जाऊ शकते.

तिसरा हिशेब मुक्कामाचा. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत. तिथे निवड झालेल्या मुलामुलींची राहण्याची, शिकण्याची आणि सरावाची सोय असते. निवड चाचण्यांची माहिती जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळते. मुलगी कुठेही राहायला जाणार असेल तर आधी दोघीतिघींनी जाऊन जागा बघायची. तिथे बाई अधीक्षक आहे का, झोपायची जागा वेगळी आहे का, मुलीला घरी फोन करता येतो का, हे विचारायचं. सर कितीही नावाजलेले असोत, विचारण्यात अपमान कुणाचाच नाही. चांगल्या सरांना असे प्रश्न आवडतातच. आणि मुलीला १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर पाठ करून द्यायचा.

आपल्याकडच्या मुली कमी नाहीत. धाराशिवची सारिका काळे खो-खोत भारताची कप्तान झाली, २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली. गावाकडच्या पायांत बळ आहे. अडतं ते बळापाशी नाही, २७५ रुपयांपाशी अडतं.

लाडसरांच्या शाळेत रोहित गोलंदाज म्हणून आला आणि फलंदाज म्हणून बाहेर पडला. म्हणजे मुलामध्ये काय आहे हे आधीपासून सरांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी एवढंच पाहिलं की दार उघडं राहील. पुढचं पोराने केलं. आपल्या गावातली कोणती पोरगी काय होईल, हे आपल्यालाही ठाऊक नाही. दार उघडं ठेवणं मात्र आपल्या हातात आहे.

या महिन्याच्या बैठकीत बचतीच्या वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखा: फी, गाडी, मुक्काम. गावातल्या खेळणाऱ्या मुलींची नावं लिहा आणि कुठली मुलगी कुठे अडली आहे ते भरा. मग एकेक रकाना सोडवायला घेऊ. काय जमलं, काय नाही, ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी तुमचीच वही वाचून दाखवू.